ऑफिसच्या काचा आणि आबांचा अर्ज

किस्से काही कोणी मुद्दाम जमवत नाही. जळगावच्या आमच्या ऑफिसात तर एक सांगायला घेतला की मागून दुसरा निघतो. आता सांगतोय ते सगळे फक्त खिडक्या पुसण्याचे आहेत!

सुरुवात नव्या साहेबांपासून. काचा पुसायच्या स्प्रेने त्यांना सटासट शिंका यायच्या. पहिल्याच आठवड्यात फर्मान निघालं, "उद्यापासून केमिकल बंद. सगळं इकोफ्रेंडली!"

काम आलं शिपाई आबांवर. आबा आधीच वैतागलेले. भडगावला त्यांची म्हातारी आई एकटी. तिकडे बदली मिळावी म्हणून वर्षापूर्वी त्यांनी अर्ज दिला, आणि तो ऑफिसातच गायब झाला. नवा द्यावा तर यादीत नंबर पुन्हा शेवटचा. म्हणून रोज सकाळी साहेबांच्या दारात, "साहेब, मना अर्ज?" आणि आतून, "शोधतोय, आबा."

छाया मॅडम म्हणाल्या, पाण्यात व्हिनेगर टाका. किती, ते आबांनी विचारलंच नाही, अख्खी बाटली ओतली. रांगेतला एक शेतकरी काउंटरवर वाकून वास घेत म्हणाला, "मॅडम, लोनचं कोनं शे?" लोणच्याच्या त्या वासाने त्या दिवशी अकरालाच सगळ्यांचे डबे उघडले!

मग आमचे सीनियर क्लार्क नाना. पहूरला त्यांची लिंबाची बाग. काचेवर चोळायला पिशवीभर लिंबं आणली. पण एप्रिलचं ऊन, माठ शेजारी, साखर कपाटात! दुपारी साहेबांनी विचारलं, "लिंबाने काही फरक?" नाना ग्लास लपवत म्हणाले, "फार गार वाटतं, साहेब!"

केळीच्या सालीचा सल्ला माझा. दुसऱ्या दिवशी काचेवर मुंग्यांची रांग. आबा म्हणाले, "भाऊ, ह्या बठ्ठ्या तुमन्या पाव्हण्या शेतस!" सगळ्या मुंग्या माझ्या पाहुण्या! अजून ऐकवतात मला.

शेवटी पातळ व्हिनेगर आणि जुने पेपर हेच जमलं. काचा लख्ख! साहेबांना केबिनमधून पहिल्यांदाच समोरची चहाची टपरी दिसली, आणि टपरीवर सगळा स्टाफ. नानांनी तर सवयीने हातही केला.

पण खरा किस्सा साहेबांच्याच खिडकीचा. त्या दिवशी पेपर संपले. मागच्या मे महिन्यात उन्हाच्या झळा आत येऊ नयेत म्हणून त्या खिडकीच्या फटीत कागद कोंबलेले होते. आबांनी तेच ओढून काढले, चुरगळले आणि पाण्यात बुडवणार, तेवढ्यात छाया मॅडम ओरडल्या, "आबा, थांबा! शिक्का दिसतोय!"

कागद उलगडला. आवक शिक्का, तारीख, खाली आबांची सही. आबा तिथेच फरशीवर बसून तारीख पुन्हा पुन्हा वाचायला लागले. डोळ्यांत पाणी.

साहेब मात्र लालबुंद. "माणसाचा अर्ज फटीत कोंबतात? कोणी केलं हे?"

काचा पुसणं असो की फटी बुजवणं, ऑफिसात ते काम एकाच माणसाचं. आम्ही सगळे पंख्याकडे बघायला लागलो.

आबा उठले. अर्ज टेबलावर ठेवून हाताने सपाट केला आणि साहेबांपुढे पेन धरलं.

"आधी सही करा, साहेब. मंग मी सांगस त्यानं नाव!"