गाडी घेतली आणि चालत घरी आलो

बाबांना गाडी घ्यायची होती आणि आईला इस्रायलला जायचं होतं. दोन्ही गोष्टी एकदम होणं शक्य नव्हतं. हे घरात सगळ्यांना कळत होतं, पण तोंडातून कुणी काढत नसे. आम्ही पनवेलचे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. साठ सालाच्या आगेमागे आमच्या ओळखीची घरं एकेक करून रिकामी होत चालली होती. आईचं माहेर उरणचं. तिचा भाऊ इस्रायलला गेला, मग बहिणी गेल्या, शेवटी आजीलाही घेऊन गेले. सणाला आई पूर्वी उरणला जायची, आता ती घरातच चिडचिड करत बसायची.

बाबा डॉक्टर होते. विचुंबे, रोडपाली, खाडीकडची मिठागरं, सगळीकडे सायकलवर जायचे. पावसाळ्यात चिखल असा की निम्मी वाट बाबा सायकलवर आणि निम्मी वाट सायकल बाबांवर. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की इथे लोक मला दारात बघून उठून बसतात, तिकडे मला आधी भाषा शिकावी लागेल. ते खरं होतं. आईचंही खरं होतं. मी आपली गाडीच्या बाजूची होते, कारण वर्गात एकीच्याही घरी गाडी नव्हती.

आईने एकदाच, भाकरी थापता थापता, मला सांगितलं होतं, “गाडी आली की समज, आपण इथेच राहिलो. दारात मोटार उभी करून कुणी बोटीत बसत नाही.”

नवी गाडी तेव्हा पैसे असूनही मिळत नसे. नंबर लावायचा आणि म्हातारं व्हायचं. त्यामुळे जेमतेम वर्षभर वापरलेली गाडी कोऱ्या गाडीपेक्षा महाग पडे, आणि या उफराट्या कारभाराचं कुणाला नवल वाटत नसे. पुणे रस्त्यावर एका शेटचं मोटारींचं दुकान होतं. शेट मूळचा मिठागरवाल्या घरातला. त्याच्या म्हाताऱ्याला बाबांनी मोठ्या दुखण्यातून उठवलं होतं, म्हणून चांगली गाडी आली की पहिला निरोप आमच्याकडे. असाच एका शुक्रवारी दुपारी निरोप आला की कुठल्याशा कंपनीच्या साहेबाची बदली झाली आहे, त्याची गाडी दुकानात आली आहे, बघून जा. बाबा आईला म्हणाले, “तूही चल. बसायचं तुलाही आहे.” आईने लुगडं बदललं आणि निघाली. मी न बोलावता मागे गेले.

गाडी करड्या रंगाची, चार दारांची. आतल्या रेक्झिनला अजून नवेपणाचा वास होता. बाबांनी बॉनेट उघडून आत डोकं घातलं आणि इंजिनाला कान लावला. इंजिनातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण दम्याचा रोगी तपासावा तसे ते गंभीर झाले होते. मग शेटच्या माणसाबरोबर शेडुंगच्या बाजूला चक्कर मारून आले आणि येताना चेहरा असा, की भाव करायची सोयच उरली नाही. शेटने ते बघितलं. कुणीही बघितलं असतं.

आई मागच्या सीटवर बसली. दार लावलं, उघडलं, परत लावलं. काच खालीवर केली. “पाय ठेवायला जागा आहे,” एवढंच म्हणाली. मला तिचा राग आला. इतकी सुंदर गाडी, आणि हिला पाय ठेवायची जागा दिसते!

बाबा मात्र घोळ घालायला लागले. टायर परत बघितले, डिकी परत उघडली. हवी असलेली गोष्ट समोर आली की बाबांचा हात आखडायचा. शेवटी शेट म्हणाला, “डॉक्टर, गाडी तुमच्यासाटी ठेवलीय. पण उरणचा एक गिऱ्हाईक उद्या सकाळी येतोय, त्याला मी अजून शबूद दिला नाय. उद्या तुमचा शनवार. तुमी कागदाला हात लावनार नाय, ठावं हाय मला. काय ते आज करा.”

त्याला सगळं बरोबर ठाऊक होतं. शुक्रवारी सूर्य मावळला की आमचा शब्बाथ, आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, लागायचा, तो शनिवारी अंधार पडेपर्यंत. मग व्यवहार नाही, सही नाही, वाहनात बसणं नाही. शनिवारी बाबा पेशंट बघायचे, पण फी घेत नसत. त्यामुळे शनिवारी गावातली दुखणी भलतीच वाढायची. आणि शब्बाथ कधी लागतो हे आमच्या घरात आई सांगायची. सूर्य बुडायच्या आत दिवा लावायचा तो तिने, म्हणून वेळ तिच्या ताब्यात. बाबा शुक्रवारी घड्याळ बघतच नसत, तिला विचारत. लग्न झाल्यापासून हा रिवाज, आणि तिचा अंदाज चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

शेटने कागद पुढे सरकवले. बाबा दाराकडे पाठ करून बसले होते. पेन हातात घेऊन, मान न वळवता, त्यांनी विचारलं, “वेळ आहे ना गं?”

आई दारात उभी होती, मी तिच्या शेजारी. समोर खाडीच्या बाजूला सूर्य नव्हता. थोडा लालसर उजेड होता, तोही विझत आलेला. “नाही” एवढं म्हटलं की पेन खाली पडणार होतं, सकाळी उरणचा माणूस गाडी नेणार होता आणि तिला कुणी दोषही देणार नव्हतं. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

“आहे,” आई म्हणाली. “करा सही.”

बाबांनी सह्या केल्या, शेटने किल्ली दिली, माझ्या हातावर पेढा ठेवला. बाबा हसत बाहेर आले आणि पायरीवरच थांबले. रस्त्यावरचे दिवे लागले होते. त्यांनी आकाशाकडे बघितलं, मग आईकडे. किल्ली शेटच्या हातात परत दिली आणि “उद्या रात्री येऊन नेतो” म्हणाले. गाडी घेऊन आम्ही तिघं चालत घरी निघालो.

शेटचं दुकान मागे पडलं. मग बाबांनी विचारलं, “तुला दिसत होतं?”

“दिसत होतं.”

“मग का?”

“नाही म्हटलं असतं तर तुम्ही माझ्यामागून तिकडे आला असतात,” आई म्हणाली. “आणि रोज तोंड पाडून बसला असतात. मला ते बघवलं नसतं.” थोडं चालल्यावर ती म्हणाली, “माझ्या आईला तुम्हीच कळवा. मला लिहायला जमणार नाही.”

बाबांनी रस्त्यात तिचा हात धरला. मी त्यांना असं करताना कधी पाहिलं नव्हतं. मी लाजून पुढे चालायला लागले. घरी पोचलो तेव्हा दिव्याची वेळ टळून गेली होती. त्या शुक्रवारी आमचा दिवा लागला नाही.

ती गाडी आमच्याकडे पुष्कळ वर्षं होती आणि तिने कधी त्रास दिला नाही. आजी तिकडेच वारली. आईची तिची भेट काही झाली नाही.