दत्तारामचं फोल्डर

माझी बायको हे न कळताच गेली. मुलाला मी सांगणार नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय — आणि तरी गेला आठवडाभर रोज लिहितोय आणि खोडतोय.

सुरुवात कॉम्प्युटरपासून करतो. ते सोपं आहे.

जुना कॉम्प्युटर बसला. मुलाने नवा घेऊन दिला, जुनी हार्ड डिस्क एका डबीत घालून त्याला जोडून दिली. सगळं दिसलं — लग्नाचे फोटो, लाइटची बिलं, भजनं. एकच फोल्डर उघडेना. 'गिरणीचे आवाज'. क्लिक केलं की पाटी यायची, तुम्हाला परवानगी नाही. आमच्या लालबागच्या चाळीच्या मंडळासाठी मी जुन्या कामगारांची बोलणी रेकॉर्ड केली होती, ती त्यात होती. दत्ताराम गावकरचंही त्यातच होतं.

सुनेला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, त्यात काही नाही. ते फोल्डर जुन्या कॉम्प्युटरमधल्या तुमच्या नावावर आहे, नवा कॉम्प्युटर तुम्हाला ओळखत नाही. राइट क्लिक करा, सिक्युरिटीत जा, मालक बदला." मी लिहून घेतलं. मला कळलं. हे ध्यानात ठेवा, की मला कळलं होतं.

आता दत्ताराम. तो माझ्याच मजल्यावर राहायचा, मालवणकडचा, गिरणीत चार साचे, म्हणजे माग, एकटा सांभाळणारा विणकर. मी तेव्हा बदली कामगार, मिसरूड फुटलेला, गिरणी संपाने अंगात वारं भरलेला. संप लांबला, घराघरांतली भांडी विकली गेली, तशी आमच्यातली काही माणसं चोरून कामावर जायला लागली. त्यांना पकडायची आमची एक रीत होती. नाक्यावर अडवायचं आणि डोकं बघायचं. गिरणीच्या खात्यात उभा राहिलेला माणूस कितीही झटकून आला तरी भुवईत, कानात कापूस राहतोच. संपावरच्या माणसाचं डोकं स्वच्छ.

दत्ताराम त्या संध्याकाळी माझगावकडून चालत आला. मीच त्याची मान वाकवली. कानाच्या मागे पांढरे तंतू होते.

"कापूस हाय! ह्याच्या कानात कापूस हाय!" — हे मी ओरडलो. दुसरं कुणी नाही.

डोक्यावर गोणपाट टाकलं. माझ्या हातात सळी होती. पाठीवर दोन घातल्या, तर तो खाली बसला आणि दोन्ही हात डोक्यावर घेतले. मग मी हातांवर मारलं. बोटं मोडल्याचा आवाज ऐकलाय कधी? ओल्या शेंगा मोडाव्यात तसा येतो. गोणपाटातून तो एकच म्हणत होता, "अरे, इचारा तरी! इचारा तरी!" बाकीचे थांबले. मी थांबलो नाही. का? — राग होता म्हणू? खोटं ठरेल. मला बरं वाटत होतं. उपाशी पोटी इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

त्याची बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत. साचे गेले ते गेलेच. चाळीत तो गद्दार ठरला, आणि त्याची नंदा गद्दाराची पोर. नळावर लोकांना तिची बादली लाथेने उडवताना मी पाहिलंय, आणि पाण्याच्या शिंतोड्यांतून वाट काढत पुढे गेलोय.

एवढंच असतं तर म्हणालो असतो, चूक झाली. पण पुढच्याच आठवड्यात चाळीच्या दारात एक म्हातारा गादीवाला आला. दाढीत कापूस. मला विचारलं, "वो दत्ताराम भाई किधर रहता है? माझगाव में मेरे पास रुई पिंजता था. आता नहीं आजकल." म्हणजे तो कापूस गिरणीतला नव्हताच. मी त्याला सांगितलं, "वो गाँव चला गया." दत्ताराम वर खोलीत कण्हत पडला होता. म्हातारा सलाम करून निघून गेला.

मग इतकी वर्षं? नामानिराळा राहिलो. गिरण्या गेल्या, मी एका ऑफिसात चिकटलो, मंडळाचा सेक्रेटरी झालो, दत्तारामच्या बायकोला खांदाही दिला.

रेकॉर्डिंगला तो आला तेव्हा थकला होता. यंत्र सुरू होताच बोलायला लागला. गादीच्या दुकानात जायचा, घरी गोदीत जातो म्हणून सांगायचा, कारण चार साचेवाल्याने गाद्या पिंजायच्या याची लाज. मी विचारलं, मग तेव्हाच का नाही बोललास? म्हणाला, "जेंनी इचारूच्या आधी मारल्यानी, तेंका मी कित्याक सांगू?" आणि थांबून, माझ्याकडे बघून — "मोहन्या, तुझो आवाज मी तेव्हाच ओळखलंय. ह्या ठेव हेच्यात. माझ्या चेडवाक, नंदाक ऐकव." पुढच्या पावसाळ्यात तो गेला.

नंदा आली. आता ती पन्नाशीची. "काका, बाबांचं रेकॉर्डिंग द्या ना." माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली. मी क्लिक केलं, पाटी आली. पुन्हा क्लिक, पुन्हा पाटी. कपाळावर हात मारून दाखवला. ती म्हणाली, "राहू द्या, काका. आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्याला उद्या घेऊन येते."

ती जिना उतरली आणि मी सुनेने सांगितलं तसं केलं. मालक बदलला. फोल्डर उघडलं. दत्तारामचा आवाज खोलीत आला आणि मला इतका संताप आला — त्याच्यावर! मेलेल्या माणसावर! डिस्क उपटली, मोरीत नेली आणि वरवंट्याने ठेचली. आतल्या काचेसारख्या चकत्यांचा चुरा होईपर्यंत. हाताला रक्त आलं तरी मारत होतो.

दुसऱ्या दिवशी सांगितलं, हातातून पडली.

नंदा त्या माणसाला परत पाठवून बसली. माझा पट्टी बांधलेला हात हातात घेऊन म्हणाली, "काका, बाबा बोलले तेव्हा तुम्ही तर समोर होतात. एवढंच सांगा. बाबा संपात गेले होते का हो गिरणीत?"

मी म्हणालो, "गेला होता, बाळा. पोटासाठी."

तिने मान हलवली. म्हणाली, "मला वाटलंच होतं." आणि पदर तोंडाला लावून रडली.