ताईंवर केलेलं गाणं

टेक्सासमधल्या प्लेनोला आल्यावर पहिले सात-आठ महिने माझ्याकडे लायसन्स नव्हतं. दोनदा टेस्ट दिली, दोन्ही वेळा नापास झालो. ऑफिस हायवेच्या पलीकडे, चालत जायचा प्रश्नच नव्हता. आमच्या टीममधला साठीचा एक अमेरिकन गृहस्थ माझ्या अपार्टमेंटवरून जायचा. त्यानं आपणहून विचारलं आणि मी रोज त्याच्या पिकअपमधून जाऊ लागलो.

गाडीत कॅसेट लागलेली असायची. त्याच्या लहानपणची, पन्नास-साठच्या दशकातली कंट्री गाणी, आणि सगळी हसवणारी. गाजलेल्या विरहगीताच्या चालीवर कुणी दाढदुखी गायलेली, कुणी मधेच उचकी देणारा, कुणी बोकडाचा आवाज काढणारा. मला अर्धे शब्द कळायचे नाहीत. सिग्नलला थांबलो की तो टेप थांबवून समजावून सांगायचा आणि स्वतःच डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचा. नागपूरला कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मी विडंबनं लिहायचो. कॉलेज सुटल्यापासून तीन वर्षांत तसं काही केलं नव्हतं. त्या गाडीत माझा हात पुन्हा शिवशिवायला लागला.

डिसेंबरात ऑफिसचं पॉटलक होतं, प्रत्येकानं घरून एकेक पदार्थ करून आणायचा असं जेवण. मॅनेजर म्हणाला, "कुणी काही करून दाखवणार का?" मी हात वर केला.

विषय लगेच सुचला, हे सांगायला आज जड जातं. आमच्या टेस्टिंग टीमच्या लीड सांगलीच्या होत्या, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या. मी त्यांना ताई म्हणायचो. पहिल्या आठवड्यात मला डाळ-तांदूळ कुठे मिळतात ते दाखवलं त्यांनी, बँकेत खातं उघडायला सोबत आल्या त्या. कामात एकदम पक्क्या. फक्त इंग्रजीतले व्ही आणि डब्ल्यूचे दोन वेगळे 'व' त्यांच्या तोंडी एकच होते, आणि प्रत्येक कॉल त्या "वी विल वेरिफाय" म्हणून संपवायच्या. अमेरिकन लोक एकमेकांकडे बघून ओठ आवळायचे. मी ते पाहिलं होतं. म्हणूनच हे चालेल, हे मला ठाऊक होतं.

एका कॅसेटमधली चाल उचलली, तीन कडवी लिहिली आणि प्रत्येकाच्या शेवटी ताईंचं ते वाक्य त्यांच्याच हेलात घातलं. गिटार एकाकडून मागून आणली. दुसऱ्या कडव्यापासून अख्खी खोली माझ्याबरोबर ते वाक्य म्हणायला लागली. ताईसुद्धा हसल्या, हातात बिर्याणीचा डाव तसाच धरून. मॅनेजरनं माझी पाठ थोपटली. आलो त्या दिवसापासून ज्यांच्या कंपूत शिरायची धडपड चालली होती, ते सगळे त्या दुपारी माझ्या टेबलाशी येऊन बसले.

घरी जाताना म्हाताऱ्यानं टेप लावला नाही. मी विचारलं, "कसं झालं गाणं?"

"आवाज चांगला आहे तुझा," तो म्हणाला.

जानेवारीत कधीतरी लक्षात आलं की कॉलवर ताईंचा आवाज येत नाही. त्या मीटिंगला बसायच्या, मान हलवायच्या आणि सांगायचं ते नंतर ईमेलनं पाठवायच्या. क्लायंटसमोर त्यांच्या टीममधला दुसराच कुणीतरी बोलायचा. वाटलं, काम वाढलं असेल. खरं तर तसं वाटून घेतलं.

एका शनिवारी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा टाकला. दहाएक वर्षांची मुलगी टीव्हीसमोर बसली होती. मला बघून तिनं इंग्रजीत विचारलं, "तूच ना तो, मम्मीचं गाणं म्हणणारा?" पॉटलकमध्ये कुणीतरी कॅमेऱ्यावर शूट केलं होतं आणि सगळ्यांना मेल केलं होतं. घरच्या कॉम्प्युटरवर तिनं ते पाहिलं होतं.

"तू आत जा गं," ताई म्हणाल्या.

मी म्हटलं, "ताई, चुकलं माझं. नुसती गंमत म्हणून..."

"मला कळतं रे. चाल छान बसवली होतीस." त्यांनी माझ्यापुढे कप ठेवला. "राग नाही आला मला. पण आता मीटिंगमध्ये तोंड उघडलं की आधी ते गाणं ऐकू येतं. मग शब्दच सुचत नाही. आणि हिला शाळेत सोडायला गेले की ही म्हणते, टीचरशी तू नको बोलूस, मी बोलते."

चहा गरम होता तरी घाईघाईनं पिऊन टाकला आणि निघालो. त्यांनी दारापर्यंत येऊन "सावकाश जा" म्हटलं, नेहमीसारखंच.

उन्हाळ्यात त्यांनी शिकागोजवळ शॉमबर्गला नोकरी घेतली. पदानं खालची होती. माणसांशी फारसं बोलावं लागत नाही, एवढं मात्र त्यांनी एकाला सांगितल्याचं कानावर आलं. निरोपाच्या लंचला मॅनेजर माझ्याकडे वळून म्हणाला, "आज गाणं होऊन जाऊ दे!" टेबलावरचे दोघे-तिघे हसले. मी नाही म्हणालो, पण इतक्या हळू, की ताईंपर्यंत ते पोचलं की नाही कोण जाणे.

मग त्या उभ्या राहिल्या. पर्समधून घडी घातलेला कागद काढला आणि चार ओळींचे आभार त्यावरून वाचले, एकेक शब्द सुटा करून, मान वर न करता. वर्षभरापूर्वी याच बाईंनी दोन तासांचं प्रेझेंटेशन हातात चिटोरंही न घेता दिलेलं मी पाहिलं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.