मधला शब्द

रायपुरात आम्हा बेने इस्रायलांची, म्हणजे मराठी ज्यूंची, घरं तीन. आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी कोकणातून इकडे आले, मग आम्ही इथलेच झालो. आमच्या मराठीत 'मले-तुले' शिरलं आणि पोरं तर सरळ हिंदीतच उत्तर देऊ लागली. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे आमचा विसाव्याचा दिवस लागला की तिन्ही घरं आमच्याकडे जमायची आणि हिब्रू प्रार्थना मी म्हणायचो. वडिलांनंतर तो मान माझ्याकडे आला होता, आणि खोटं कशाला बोलू, तो मला फार प्रिय होता.

राज्य नवं झालं, राजधानीचा थाट आला, तसे शाळांत स्मार्ट बोर्डही आले. समता कॉलनीतल्या एका शाळेचे प्रिन्सिपल ओळखीचे. रविवारी एक वर्ग द्यायला ते तयार झाले. पाच पोरं, हिब्रूच्या धड्यांची एक सीडी, आणि शिकवणारा कोण? अर्थात मी!

अडचण एकच. मला हिब्रू वाचता येत नव्हतं. वडिलांनी देवनागरीत लिहून दिलेली वही मला तोंडपाठ होती. हिब्रू पुस्तक मी नुसतं हातात धरायचो आणि वेळेवर पानं उलटायचो. हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

सुरुवातीला निभलं. अक्षरावर पेन टेकवलं की बोर्डच उच्चार सांगायचा; मी मागे उभा राहून 'शाब्बास' म्हणायचो. मग पोरांना बोर्डातला पडदा सापडला. प्रार्थनेचं पान झाकायचं, एकच शब्द उघडायचा आणि ज्याची पाळी त्यानं तो वाचायचा. अंकललाही पाळी हवीच! पाठ म्हणणाऱ्याला मधूनच कसं येणार? पण माझ्या पाळीला पेन माझ्या बारा वर्षांच्या मुलीकडे असायचं आणि दर वेळी पहिलाच शब्द उघडायचा. नशीब म्हणायचं, दुसरं काय.

एका रविवारी तिला ताप होता. पेन दुसऱ्या घरातल्या पोट्टीनं घेतलं आणि चौथ्या ओळीतला शब्द उघडला. मी मनात सुरुवातीपासून म्हणत बोटांवर शब्द मोजू लागलो. दोनदा चुकलो.

"अंकल, पढ़िए ना!"

"काहून घाई करून राहिली? बोर्ड खराब आहे!" मी खेकसलो आणि स्विच बंद केला. पोट्टी रडवेली झाली. मला लाज वाटली, तरी तोंडातून सॉरी काही निघालं नाही.

घरी मुलीला सांगितलं, आज बोर्ड बिघडला. अंथरुणातूनच ती म्हणाली, "मैं होती तो पहला वाला खोलती, पापा."

आधी तिचा रागच आला. मग स्वतःचा. ती रात्र काही धड गेली नाही.

पुढच्या रविवारी पोट्टीची माफी मागितली, बेंचवर बसलो आणि म्हटलं, "मले वाचता येत नाही." शुक्रवारच्या मानाचं काय व्हायचं ते होवो. पोरं हसली. माझी मुलगी हसली नाही. तिनं पेन पहिल्या शब्दाकडे नेलं.

"मधला उघड."

तिनं नकारार्थी मान हलवली.

"उघड गं."

तीन अक्षरं होती. बोर्डाकडून कानावर पडलेले उच्चार आठवत उजवीकडून एकेक जोडत गेलो. शब्बाथ. लहानपणापासून दर शुक्रवारी म्हणत आलेला शब्द, आज पहिल्यांदा वाचला. मान वर केली तर मुलगी पेन पडद्यावरच टेकवून उभी होती. मी अडलो असतो तर तिनं तो शब्द लगेच झाकला असता.