साळिंदर झालेल्या सासूबाई

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर इस्त्रीचं दुकान आहे. ते चालवणाऱ्या बाईंना सगळे तोफ म्हणतात. अर्थात त्या नसताना. मीही माघारीच म्हणतो, कारण माझे शर्ट त्यांच्या ताब्यात असतात.

तोफबाई मूळच्या डोंगरातल्या. त्यांच्या लोकांत मेलेलं माणूस लांब कुठे जात नाही. झाडात, दगडात, एखाद्या जनावरात जाऊन राहतं आणि रीतसर हाक मारली की घरी येतं. शेजाऱ्यांची बदली झाल्याचं आपण सांगतो ना, तितक्या सहज त्या हे बाहीची घडी घालता घालता सांगतात.

दुकानासमोर, वरच्या मजल्यावर मुलांसाठी ॲनिमेशनचा सिनेमा बनत होता. त्याचा दिग्दर्शक, एक दाढीवाला, गुणी पोरगा. फक्त त्याला कल्पना सुचलीय की भूक लागलीय, हे चेहऱ्यावरून कळायचं नाही. सिनेमा नेमका तोफबाईंच्याच लोकांवर. रानात हरवलेल्या पोरीसाठी गावातली एक बाई मेलेल्या आजीला हाक मारते, आजी साळिंदर होऊन येते आणि नातीला घरी आणते. सगळं जमलं होतं, हाक तेवढी जमत नव्हती. आलेल्या नट्या भाजीवाल्याला थांबवल्यासारखी हाक मारायच्या. मग एके दुपारी तोफबाईंनी परकर जळाल्याची तक्रार घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला उत्तर दिलं, वरच्या काचा थरथरल्या, आणि दाढीवाला अनवाणीच खाली धावत आला.

हाक मारायला बाई तयार झाल्या, पण एक अडचण होती. खोट्या नावाने हाक मारली तर कोण येऊन उभं राहील याचा नेम नाही. त्यापेक्षा ओळखीचं माणूस बरं, असा विचार करून त्यांनी आपल्या सासूच्या नावाने हाक मारली. सासू जाऊन बरीच वर्षं झाली होती. दोघींचं हयातीत एकाही गोष्टीवर एकमत झालं नव्हतं. खिडकी उघडी असावी की बंद, यावरसुद्धा.

सिनेमाचा शेवट बाईंना नंतर कळला. साळिंदर-आजी नातीच्या घरीच राहते आणि सगळे नाचतात. बाई हादरल्या. बोलावलेल्याला निरोप द्यायचाच नाही? मग ते जाणार कसं?

आणि खरंच, घरात सुरू झालं. लावलेली खिडकी आपोआप उघडायची. नीट घासलेलं पातेलं फळीवरून खाली यायचं, जणू पुन्हा घास म्हणून. बाईंचा जीव मेटाकुटीला आला. त्यांचे यजमान मात्र, एका इमारतीत लिफ्ट चालवणारे अबोल गृहस्थ, खुशीत होते. त्यांनी आईची जुनी खुर्ची माळ्यावरून काढून पुसून ठेवली आणि संध्याकाळी तिच्यासमोर बसून दिवसभरात कोण कोण वर गेलं ते सांगू लागले. बायकोला त्यांनी इतकं कधी सांगितलं नव्हतं.

बाईंनी दाढीवाल्याला गाठलं. शेवट बदल म्हणाल्या. तो म्हणाला, चित्रं काढून झाली, आता शक्य नाही. बाई जिन्यातच बसून राहिल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सासूचा इतिहास ऐकवू लागल्या. चौथ्या दिवशी तो शरण आला. शेवटी नावं सरकत असताना साळिंदर रानात परत जाताना दाखवतो, निरोप तुम्ही बोला, म्हणाला.

निरोपाचीही रीत असते. गेलेल्या माणसाची एक तरी खरी चांगली गोष्ट सांगायची आणि ती घरच्या माणसाने ऐकायची. खोटं सांगितलं तर ते माणूस हलत नाही. म्हणून यजमानांना काचेपलीकडे बसवलं. मीही गेलो होतो, शर्टाची चौकशी करायला.

बाई माइकसमोर उभ्या राहिल्या आणि गप्प. तोफ गप्प! ध्वनिमुद्रण करणारा पुन्हापुन्हा यंत्राकडे बघू लागला, बिघडलं की काय. यजमान मांडीवर हात ठेवून बायकोकडे बघत होते. त्यांच्या तोंडावर ना राग, ना विनवणी.

शेवटी बाई हळू आवाजात म्हणाल्या, "सासूबाई, माझं पहिलं मूल गेलं तेव्हा महिनाभर तुम्ही माझ्याशी भांडला नाहीत. शेजारणीशी भांडलात, दूधवाल्याशी भांडलात, पण मला एक शब्द बोलला नाहीत. आता निघा. रान वाट बघतंय." आणि दारात पाहुण्याला पोचवताना तोंडून निघतंच, तसं निघून गेलं, "या हं पुन्हा."

सगळे थिजले. दाढीवाल्याने विचारलं, "मावशी, शेवटचं काढून टाकू का? तीन शब्दच आहेत."

बाईंनी काचेपलीकडे पाहिलं. यजमान चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत होते, आणि तो सदरा बाईंनी सकाळीच कडक इस्त्री केलेला.

"राहू दे," बाई म्हणाल्या. मग पुन्हा माइककडे वळून, "पण येण्याआधी कळवत जा."