ध्यानाला बसलेलं बकरं

नवसाच्या बकऱ्याला मी ध्यानाला बसवलं. चूक माझीच, बकऱ्याची नव्हे.

फौजेतून निवृत्त होऊन गावी आलो आणि कराडच्या एका मित्राच्या नादानं विपश्यनेचं शिबिर करून आलो. येताना पंचशील घेतलं, बुद्धाची छोटी मूर्तीही घेतली. प्राणिहत्या करायची नाही, हे त्यातलं पहिलंच शील. मूर्तीला जागा करायला देव्हाऱ्यात खंडोबाला घोड्यासकट थोडं सरकावं लागलं. जुने देव काही सोडवत नव्हते. मंगळवार देवीचा, रविवार खंडोबाचा आणि पहाट बुद्धाची, अशी वाटणी मीच करून दिली. कुणाच्या चेहऱ्यावर नाराजी दिसली नाही.

भांडण आणलं बायकोनं. पोरगं सीमेवर होतं तेव्हा ती भैरोबाला बकरं बोलली होती. आता ते सुखरूप सुट्टीवर येणार म्हटल्यावर तिनं माण तालुक्यातल्या भावाकडून बकरं आधीच मागवून घेतलं.

"अगं, मी शील घेतलंय," मी म्हणालो.

"तुमी घेतलंय. भैरोबानं न्हाई," ती म्हणाली. "पोरगं परत जायच्या आत नवस फिटला पायजे. सुरी काय तुमच्या हातात देत न्हाई मी."

मी मधला मार्ग काढला. बकऱ्याचा जीव वाचत नसेल, तर निदान त्याचं मन तरी शांत करावं. रोज पहाटे गोठ्यात पोत्यावर मी आणि समोर ते. सुरुवातीला त्यानं माझ्या लुंगीचा काठ खाल्ला. पुढं मात्र पाय मुडपून, डोळे मिटून असं बसायला लागलं की मलाच लाज वाटावी. माझा एक डोळा सारखा उघडायचा. ध्यान संपताना मी मोठ्यानं "सर्वांचं मंगल होवो" म्हणायचो आणि पसाभर मका पुढं टाकायचो. ते शब्द कानावर पडले की बकरं ताडकन उठायचं आणि शिंगांपासून शेपटीपर्यंत अंग झाडायचं.

नवसाच्या दिवशी देवळापुढं पाहुणे जमले. आमच्याकडं रीत अशी, की बकऱ्यावर पाणी शिंपडायचं. त्यानं अंग झाडलं की देवानं ते मानलं. नाही झाडलं, तर सुरी लावायची नाही. गुरवानं पाणी शिंपडलं. बकऱ्यानं माझ्याकडं बघितलं, पाय मुडपले आणि डोळे मिटून खाली बसलं.

आणखी पाणी झालं. बकरं ढिम्म. मी मनातून खूश. काही न करता एक जीव वाचत होता.

"देव मानंना," गुरव म्हणाला. "घरात कायतरी चुकलंय."

मेहुण्यानं माझ्याकडं संशयानं बघितलं. "दाजी, तिकडं चूल पेटून बसलीया. तुमी काय करून ठिवलंसा?"

तेवढ्यात बायकोकडं नजर गेली. पोराचं मनगट घट्ट धरून ती उभी होती, डोळे भरलेले. दोन दिवसांत पोरगं परत निघणार होतं आणि देव तोंड फिरवून बसला होता. मला एकदम करुणा दाटून आली. शिबिरात शिकवलेलीच. आणि सवयीनं तोंडातून गेलं, "सर्वांचं मंगल होवो."

बकरं ताडकन उठलं. असं अंग झाडलं की गुरवाचं धोतर भिजलं. मग मक्यासाठी माझा हात हुंगायला लागलं.

"मानलं," गुरव म्हणाला. हलगी कडाडली. बायकोनं पोराच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

दुपारी पंगतीत मी शीलाला जागून वरणभात घेऊन बसलो. दोन्ही बाजूंच्या ताटांतून वास येत होता. थोडा वेळ काढला. मग वाढायला आलेल्या बायकोला हळूच म्हणालो, "फोडी नको. नुसता रस्सा वाढ."

तिनं पळी तशीच वर धरली.

"दोघांत ध्यानाला बसाय त्या बकऱ्यालाच जमत हुतं," ती म्हणाली. "तुमास्नी निस्तं पंगतीला बसाय जमतंय."