मैनेच्या कानातला कापूस

माघातली थंडी त्या वर्षी हलायचं नाव घेत नव्हती. भोकरदनच्या बाजारतळामागं उजाडताना वारा असा सुटायचा, की लीद भरणाऱ्या कचरूची बोटं फावड्याच्या दांड्यालाच आखडून बसायची. लीद निघाली, मैना घोडीपुढं कुट्टी पडली, पाणी झालं, की तांगा जोडायला हात आपोआप वर जायचे आणि तसेच खाली यायचे. तांगा दिवाळीतच लाकडाच्या भावात गेला होता. स्टँडावर काळ्यापिवळ्या जीपा लागायला लागल्या, तशा म्हाताऱ्या बायासुद्धा तांग्याकडं बघेनाशा झाल्या.

राहिली होती मैना. पोरगा मच्छिंद्र तिच्यासाठी वीटभट्टीवाला बघून आला होता. भट्टीवर गेलेल्या घोड्यांच्या पाठी कचरूनं बघितल्या होत्या. त्यानं बँडवाल्या साहेबरावाला गाठलं.

"घोडी देखणी हाय, नाना," साहेबराव म्हणाला. "रविवारी एक परण्या हाय. पण नवरदेव वाजतगाजत घोडीवरून मारुतीच्या दर्शनाला निघाला अन् हिनं त्याला वाटंतच टाकला, तं लोक मला तुडवतील. आधी तुमी बसून दाखवा."

इथंच घोडं अडलं. पंचावन्न वर्षांच्या कचरूनं जन्मभर घोडी हाकली, पण पाठीवर कधी मांड टाकली नव्हती. त्याला घोडं माहीत होतं ते शेपटीकडून.

पहिल्या दिवशी तो ओट्यावरून चढला आणि त्याच झोकात पलीकडं उतरला. बायको झुंबरबाई गहू निवडत होती.

"आलं का जालना? लईच जल्दी पोचले."

"तू गप गहू निवड."

दुसऱ्यांदा बसला, तर मैना हलेना. "चल बाई, हां मैने," म्हटलं की एक कान मागं करायची, मान वळवून तांगा कुठं राहिला ते बघायची. पुढून कुणी ओढलं तर मान वर करून अडायची; तांग्याच्या घोडीला तोंडाला धरून न्यायची सवय नसते.

"तिला करकर पायजे," झुंबरबाई म्हणाली. कचरूनं मैनेच्या अंगाला चाबूक कधी लावला नव्हता. दांडी चाकाच्या आऱ्यांत धरायची, कर्रर्र वाजलं की ती निघायची. झुंबरबाईनं शेजारची सायकल आणली आणि आऱ्यांत काडी धरून मागून ढकलत निघाली. मैना चालू लागली. वर कचरू, खाली घोडी, मागं सायकल घेऊन झुंबरबाई. गल्लीतल्या बाया पदर तोंडाला लावून उभ्या. चार दिवसांत कचरूला बसता आलं. मांड्या सोलून निघाल्या. रात्री तो पाय फाकून पडायचा आणि झुंबरबाई खोबरेल लावत म्हणायची, "ह्या वयात कुणी सांगितलं व्हतं?" कुणी सांगितलं होतं ते दोघांनाही माहीत होतं.

शनिवारी साहेबराव ताशेवाल्याला घेऊन आला. कचरू वर बसला, ताशावर काड्या पडल्या, कर्रर्र झालं, आणि मैना निघाली ती थेट रस्त्याला. पिठाच्या गिरणीपाशी थांबली, सवारी बसायला वेळ दिला, ताशा वाजला तशी पुढं. स्टँडावर जीपांच्या मधी आपल्या जुन्या जागेवर जाऊन उभी राहिली.

"नाना, किती शिटा झाल्या?" एक जीपवाला ओरडला.

कचरू वरून उतरला नाही. उतरायचीही लाज वाटत होती.

साहेबराव धापा टाकत पोचला. "बिलकुल जमायचं न्हाई. म्होरं पोरं नाचून राह्यलेली असत्यात. म्या दुसरी घोडी बघतो."

झुंबरबाई मागून आली होती. "कापूस घाला तिच्या कानात."

"मंग चालंल कशी?"

तिनं नवऱ्याकडं बोट केलं. "ते शिकवतेन. संध्याकाळी या."

घरी येऊन कापूस घातला. कचरूच्या तोंडातून सवयीनं "चल बाई" गेलं. कान हलला नाही. एवढ्या वर्षांची बोली एका बोंडानं बंद केली. त्यानं टाच लावली, मैना दचकली. पुन्हा हळू दाबली. टाच दाबली की निघायचं, लगाम ओढला की थांबायचं. ती चुकायची, तो चुकायचा, मधीच घसरायचा. दिवस कलला तेव्हा साहेबराव आला, ताशा कानाशी वाजवून घेतला. मैना उभीच. टाच लागली, निघाली.

"आता खालून," साहेबराव म्हणाला. "उद्या वर नवरदेव असंल."

कचरू उतरला. जिथं टाच लागायची तिथं त्यानं अंगठा दाबला. मैनेनं पाऊल उचललं.

रविवारी परण्या निघाला. पोरं नाचली, ताशा फुटंस्तोवर वाजला. मैना उभी राहायची; अंगठा लागला की चालायची. मारुतीपर्यंतच्या वाटेवर कचरू तिच्याशी बोलतच होता. तिला काही ऐकू येत नव्हतं.

"ठिवली का साहेबरावानं?" घरी आल्यावर झुंबरबाईनं विचारलं.

"ठिवली. सगळ्या लग्नांना."

"मंग मच्छिंद्रला सांगते, भट्टीवाल्याला न्हाई म्हण म्हनून."

त्यानं मैनेच्या कानांतला कापूस काढला. ओला, पिवळा झाला होता. मैनेनं दोन्ही कान फडफडवले आणि त्याच्याकडं वळवून धरले. सकाळची लीद तशीच पडली होती. त्यानं फावडं घेतलं.